मूडल, एचआर आणि ठेकेदाराचं मस्टर: प्रशिक्षणाच्या अहवालासाठी डेटा कसा लावायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणचा वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. ऑनलाइन प्रशिक्षण मूडल या कोर्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं. कर्मचाऱ्यांची माहिती एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, कंत्राटी कामगारांची ठेकेदाराच्या मस्टरवर, आणि सुरक्षा विभागाच्या टूलबॉक्स टॉकची (कामाच्या जागी होणाऱ्या छोट्या सुरक्षा-चर्चांची) हजेरी एक्सेलमध्ये. बीआरएसआरसाठी, म्हणजे कंपनीच्या जबाबदारी आणि शाश्वततेच्या वार्षिक अहवालासाठी, ‘किती टक्के लोकांना सुरक्षेचं प्रशिक्षण मिळालं’ हे दरवर्षी सांगावं लागतं आणि तीन विभाग तीन आकडे देतात. सगळे स्रोत पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवणाऱ्या साधनाला जोडले तर हे सुटेल का? आणि जोडायचे तर सुरुवात कुठून करायची?

नुसतं जोडून सुटणार नाही. आज वेगवेगळ्या ईमेलमधून येणारे तीन आकडे उद्या एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसतील, एवढाच फरक पडेल. माझा अनुभव असा की या तिघांपैकी कुणी सहसा चुकीचं मोजत नसतं. प्रशिक्षण विभाग कोर्स पूर्ण केलेल्यांना मूडलमध्ये एनरोल केलेल्यांनी, म्हणजे कोर्सला नाव घातलेल्यांनी, भागतो. एचआर त्यांनाच ३१ मार्चच्या पगारपत्रकावरच्या लोकांनी भागतं. सुरक्षा विभाग हजेरीच्या सह्या मोजतो, म्हणजे एकच माणूस पाच टॉकना बसला तर पाच. अंश वेगळा, छेद वेगळा, मग ताळा जमणार कसा? त्यामुळे स्रोतांची मांडणी करताना ‘कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय साठलंय’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: कोणत्या बाबतीत कुणाची नोंद अंतिम मानायची? हे एकदा ठरलं की बाकीचं काम बरंचसं हमालीचं आहे आणि ते होऊन जातं.

आधी अहवालाचा कागद छापून समोर ठेवा

सेबीने मे २०२१ मध्ये बीआरएसआर आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा झाला. त्यात प्रशिक्षणाबद्दल मुख्यतः तीन ठिकाणी विचारलं आहे आणि तिन्ही ठिकाणचा साचा निराळा आहे. अहवाल तत्त्वांनुसार विभागलेला आहे. पहिल्या तत्त्वाखाली वर्षभरात किती कार्यक्रम झाले, विषय कोणते होते, आणि संचालक मंडळ, प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी, बाकीचे कर्मचारी, कामगार या प्रत्येक गटातले किती टक्के लोक त्यात आले, हे हवं असतं. तिसऱ्या तत्त्वाखाली आरोग्य-सुरक्षा आणि कौशल्यवाढ असे दोन विषय आहेत. तिथे कर्मचारी आणि कामगार वेगळे, त्यातही पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या. पाचव्या तत्त्वाखाली मानवी हक्कांचं प्रशिक्षण येतं. तिथे स्त्री-पुरुष विभागणी नाही, पण कायम आणि कायम नसलेले असे दोन भाग आहेत. तिसऱ्या आणि पाचव्या तत्त्वाच्या तक्त्यांत चालू वर्षाशेजारी मागच्या वर्षाचे आकडेही असतात.

हे तक्ते कागदावर घ्या आणि प्रत्येक रकान्यासमोर पेन्सिलने लिहा की ही माहिती आज कुठे आहे. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं. स्त्री की पुरुष? मूडलच्या मूळ युजर टेबलमध्ये असा रकानाच नाही. कायम की कंत्राटी? ते एचआर आणि ठेकेदाराकडे. कर्मचारी की कामगार? ही विभागणी औद्योगिक संबंध संहिता, २०२० मधल्या व्याख्यांवर बेतलेली आहे, तेव्हा पदनाम बघून एक्सेलमध्ये कुणीतरी अंदाजाने भरायची ती गोष्ट नाही; एचआरच्या मूळ यादीत (मास्टरमध्ये) तिचा स्वतंत्र रकाना हवा. संचालकांचं प्रशिक्षण? त्यांना बहुतेक ठिकाणी मूडलचं लॉगिनच नसतं. त्यांची सत्रं मंडळाच्या बैठकीला जोडून होतात आणि नोंद कंपनी सेक्रेटरीकडे असते. हा स्रोत तुमच्या प्रश्नात नाही, आणि जवळजवळ कुणाच्याच पहिल्या यादीत तो नसतो.

अप्रेंटिसचंही इथेच ठरवून टाका. अप्रेंटिस कायदा, १९६१ प्रमाणे ते प्रशिक्षणार्थी आहेत, कामगार नाहीत. पण ते लाइनवर उभे असतात, मशीनजवळ असतात, आणि सुरक्षेचं प्रशिक्षण त्यांना द्यावंच लागतं, दिलंही जातं. त्यांना कोणत्या गटात धरायचं किंवा धरायचंच नाही, हा निर्णय कंपनी सेक्रेटरीचा. तुम्ही फक्त त्यांना वेगळा संवर्ग-कोड द्या, म्हणजे निर्णय काहीही झाला तरी डेटा पुन्हा खणावा लागणार नाही.

आणखी एक अहवाल याच डेटावर उभा असतो: लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालचा अंतर्गत समितीचा वार्षिक अहवाल. २०१३ च्या नियमांप्रमाणे त्यात वर्षभरात किती कार्यशाळा किंवा जागृती कार्यक्रम झाले ते द्यायचं असतं, आणि वर्ष धरायचं ते जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे एका ठिकाणी माणसं मोजायची, आर्थिक वर्षाने. दुसऱ्या ठिकाणी सत्रं मोजायची, कॅलेंडर वर्षाने. यातून एकच वाट निघते. नोंद सर्वांत बारीक पातळीवर ठेवायची: एक माणूस, एक सत्र, एक तारीख, एक निकाल. त्यावरून हवी ती बेरीज करता येते. उलट दिशेने जाता येत नाही. ‘मार्चमध्ये ४१२ जणांना प्रशिक्षण’ अशी तयार बेरीज हातात असेल तर त्यात स्त्रिया किती आणि किती नावं दोनदा आली, हे कुणीच सांगू शकणार नाही.

छेद एचआरचा

टक्केवारी बिघडते ती बहुतेक वेळा छेदामुळे. एप्रिलमध्ये रुजू झालेला, मे महिन्यात इंडक्शन घेतलेला आणि ऑक्टोबरमध्ये नोकरी सोडून गेलेला माणूस मूडलमध्ये ‘पूर्ण’ दिसतो, पण ३१ मार्चच्या यादीत नसतो. असे बरेच झाले की कंत्राटी कामगारांची टक्केवारी शंभराच्या वर जाते. मग कुणीतरी ती हाताने शंभर करतो, आणि त्या क्षणापासून अहवालाला आधार उरत नाही.

माझं मत असं की अंश आणि छेद दोन्ही एकाच लोकांच्या यादीतून काढावेत. ३१ मार्चला जे मस्टरवर आहेत तेच छेदात. आणि त्यांच्यापैकी ज्यांना त्या आर्थिक वर्षात किमान एकदा ते प्रशिक्षण मिळालं तेच अंशात. सोडून गेलेले दोन्हीकडून बाहेर. यात एक अन्याय होतो: कंत्राटी कामगारांची ये-जा जास्त असते, त्यामुळे सुरक्षा विभागाने वर्षभर केलेली मेहनत या आकड्यात पूर्ण दिसत नाही. ती दाखवायला ‘वर्षभरात एकूण किती व्यक्तींना प्रशिक्षण’ असा दुसरा, अंतर्गत आकडा ठेवा. तो त्या विभागाचा हक्क आहे. फक्त त्याला टक्केवारीचं रूप देऊ नका.

सरासरी मनुष्यबळ छेदात घेणाऱ्या कंपन्याही आहेत आणि त्यालाही तर्क आहे. पण जे ठरेल ते एका पानावर लिहून एचआर प्रमुख आणि कंपनी सेक्रेटरीची सही घ्या. आणि मागच्या वर्षीच्या आकड्यामागे कोणती पद्धत होती ते आधी शोधा. पद्धत बदलली असेल तर दोन वर्षांचे आकडे शेजारी छापण्यात अर्थ नाही. मागचं वर्ष नव्या पद्धतीने पुन्हा काढावं लागेल आणि तसं नमूदही करावं लागेल.

माणूस ओळखायचा कसा

सगळे स्रोत एकमेकांना जोडणारा धागा म्हणजे व्यक्तीचा क्रमांक. नावावर जोडणी करू नका. एका प्लांटमध्ये एकाच नाव-आडनावाची तीन माणसं सहज असतात, लग्नानंतर आडनाव बदलतं, आणि देवनागरीतून रोमन लिपीत नाव लिहिताना प्रत्येक कारकुनाचं स्पेलिंग वेगळं असतं. ईमेलही नको, शॉप फ्लोअरवरच्या बऱ्याच लोकांना कंपनीचा ईमेल नसतो आणि मूडलला तो हवा असतो म्हणून काहीतरी बनवून टाकलेला असतो. कायम कर्मचाऱ्यांसाठी एम्प्लॉयी कोड घ्या आणि तो मूडलच्या प्रोफाइलमधल्या आयडी नंबर या रकान्यात भरा. हा रकाना अशाच बाहेरच्या जोडणीसाठी दिलेला आहे आणि बहुतेक ठिकाणी रिकामा पडलेला असतो.

कंत्राटी कामगारांचं काम जिकिरीचं. गेटपास क्रमांकावर भिस्त ठेवली तर ठेकेदार बदलल्यावर त्याच माणसाला नवा गेटपास मिळतो आणि तुमच्या डेटात तो नवा माणूस म्हणून जन्म घेतो. जुन्या नावावर प्रशिक्षण पूर्ण, नव्या नावावर बाकी. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन हा खाते-क्रमांक मात्र ठेकेदार बदलला तरी तोच राहतो, तेव्हा कायमची ओळख म्हणून तो घ्या आणि गेटपास त्याच्याखाली बदलता क्रमांक म्हणून ठेवा. ज्याचा यूएएन अजून निघालेला नाही त्याला तुमच्या बाजूने तात्पुरता क्रमांक द्या आणि नंतर जोडा. आधार क्रमांक या कामासाठी वापरू नका. प्रशिक्षणाच्या अहवालाला त्याची गरज नाही आणि तो फाइलींमधून फिरायला लागला की सांभाळणं हाताबाहेर जातं.

एक्सेलबद्दल इथेच सावध करतो. कोड ‘००४८२’ असेल तर एक्सेल तो ४८२ करून टाकतं. यूएएन १२ अंकी असल्यामुळे साध्या सेलमध्ये १.०१ई+११ असा काहीतरी दिसतो, आणि त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही (साधा मजकूर) म्हणून सेव्ह केली तर मागचे अंक कायमचे जातात. ठेकेदारांना पाठवायच्या नमुना फाइलमध्ये हे रकाने आधीच टेक्स्ट म्हणून ठरवून, बाकीची फाइल कुलूपबंद करून द्या. फोनवर दहा वेळा समजावण्यापेक्षा हे लवकर लागू पडतं.

या सगळ्या क्रमांकांचं एक वेगळं जुळणी-टेबल ठेवा: अंतर्गत व्यक्ती क्रमांक, एम्प्लॉयी कोड, यूएएन, गेटपास, मूडलचा युजर आयडी, आणि प्रत्येक जोडी कधीपासून कधीपर्यंत लागू. कंत्राटी कामगार कायम झाला, किंवा सोडून गेलेला इंजिनिअर दोन वर्षांनी नव्या कोडवर परत आला, तर हेच टेबल वाचवतं.

मूडलकडून काय घ्यायचं आणि काय नाही

मूडल एकाच बाबतीत अंतिम: ऑनलाइन कोर्स कुणी, कधी, कोणत्या निकालाने पूर्ण केला. माणूस कोणत्या विभागात आहे, कायम आहे की नाही, अजून नोकरीत आहे का, यातलं काहीही मूडलला विचारू नका, जरी तिथे प्रोफाइलमध्ये तसे रकाने भरलेले दिसले तरी. ते रकाने कुणीतरी केव्हातरी भरले होते आणि तिथे मागचा इतिहास राहत नाही. आज विभाग बदलला की कालचा पुसला जातो.

कोर्स पूर्ण झाल्याची नोंद कोर्स कम्प्लीशन्स टेबलमध्ये असते आणि तिथली पूर्ण झाल्याची वेळ हा तुमचा मुख्य रकाना. ती रिकामी असेल तर कोर्स अपूर्ण. नुसती ओळ आहे म्हणजे पूर्ण झाला असं नाही. आणि ज्या कोर्समध्ये पूर्णत्वाच्या अटीच लावलेल्या नाहीत तिथे हे टेबल काहीच सांगणार नाही. म्हणून रिपोर्टकडे वळण्याआधी सक्तीच्या प्रत्येक कोर्सच्या अटी उघडून बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच ठिकाणी सर्वांत जास्त घोळ सापडतात.

एनरोलमेंटची गोष्ट वेगळी. एकाच माणसाला एकाच कोर्समध्ये कोहॉर्टमधून (लोकांच्या ठरलेल्या गटातून) आणि हाताने, अशा दोन मार्गांनी घेतलेलं असू शकतं, आणि मग युजर एनरोलमेंट्स टेबलमध्ये त्याच्या दोन ओळी असतात. ते टेबल कम्प्लीशनशी थेट जोडलं की तो माणूस दोनदा मोजला जातो. शिवाय त्यात प्रशिक्षकही असतात, कारण त्यांनाही कोर्समध्ये घेतलेलं असतं. भूमिका तपासल्याशिवाय ते वेगळे होत नाहीत. कोहॉर्टमधून माणूस बाहेर पडला आणि सेटिंग ‘अनएनरोल’ असं असेल तर तो कोर्सच्या कम्प्लीशन रिपोर्टमधून नाहीसा होतो, त्याने कोर्स पूर्ण केलेला असला तरी. वर्षाच्या मध्ये विभाग बदललेले लोक प्रशिक्षण विभागाच्या यादीतून गळतात त्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. त्यामुळे यादीचा पाया एचआरचा ठेवा आणि त्याला मूडलची कम्प्लीशन जोडा. एनरोलमेंट फक्त ‘याला कोर्स दिला होता का’ एवढ्यापुरती वापरा.

नोकरी सोडून गेलेल्यांचं खातं डिलीट करू नका. मूडल युजर डिलीट करताना त्याचं युजरनेम आणि ईमेल बदलून टाकतं, आयडी नंबर रिकामा करतं, एनरोलमेंट काढतं. मग तो माणूस एचआरच्या कोणत्या नोंदीशी जोडायचा ते कळायला मार्ग राहत नाही. सस्पेंड करा, तेवढं पुरतं. मूडल जर एलडॅपशी, म्हणजे कंपनीच्या मध्यवर्ती युजर-यादीशी, जोडलेलं असेल तर तिथून गायब झालेल्या युजरचं काय करायचं हे सांगणारी एक सेटिंग असते आणि तिच्या तीन पर्यायांपैकी एक पूर्ण डिलीटचा आहे. आयटीला आजच विचारा की ती कशावर ठेवली आहे.

बाहेरून विकत घेतलेले स्कॉर्म (ऑनलाइन कोर्सच्या पॅकेजचं एक प्रमाण) कोर्स असतील तर ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक पॅकेजमध्ये तपासा. स्कॉर्म १.२ मध्ये स्थितीचा एकच रकाना आहे. त्यात कंप्लीटेड येऊ शकतं, पास्डही येऊ शकतं. स्कॉर्म २००४ मध्ये पूर्ण होणं आणि उत्तीर्ण होणं वेगळं नोंदवलं जातं. एका पुरवठादाराचं पॅकेज शेवटची स्लाइड पाहिली की कंप्लीटेड पाठवतं, दुसऱ्याचं चाचणी पास झाल्याशिवाय काहीच पाठवत नाही. कोणत्या कोर्सला काय ग्राह्य धरायचं ते मूडलच्या अ‍ॅक्टिव्हिटी कम्प्लीशनमध्ये बसवा आणि रिपोर्ट तिथूनच घ्या. स्कॉर्मच्या कच्च्या ट्रॅकिंग टेबलांवर अहवाल बांधू नका. नव्या आवृत्त्यांमध्ये त्यांची रचना बदललेली आहे आणि पुढेही बदलू शकते.

प्रशिक्षणाचे तास हा वरिष्ठांचा आवडता आकडा असतो. तो लॉगवरून किंवा स्कॉर्मच्या सेशन टाइमवरून काढायचा मोह होतो. टाळा. टॅब उघडा ठेवून जेवायला गेलेल्या माणसाचे दोन तास त्यात जमा होतात. प्रत्येक कोर्सला एक ठरलेला कालावधी द्या आणि पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येने गुणा. लॉगचं टेबल तपासणीसाठी असतं. शिवाय ठरावीक दिवसांपेक्षा जुने लॉग पुसायची सेटिंग चालू असेल तर वर्षअखेरीस तिथे अर्धंच वर्ष सापडेल.

३१ मार्चची रात्र

मूडल सगळ्या वेळा युनिक्स टाइमस्टॅम्प म्हणून साठवतं, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या हिशोबाने. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १ एप्रिलची पहाट दोनची वेळ यूटीसीत ३१ मार्चची संध्याकाळ साडेआठ असते. ऑफिसच्या वेळेत काम करणाऱ्यांना याचा फरक पडत नाही. पण तुमच्याकडे तिसरी पाळी आहे आणि रात्रपाळीचे कामगार मधल्या वेळेत ट्रेनिंग रूममध्ये बसून कोर्स पूर्ण करतात. त्यांचं १ एप्रिलचं काम गेल्या आर्थिक वर्षात मोजलं जाईल. पॉवर क्वेरीमध्ये (पॉवर बीआयचा डेटा आत घेणारा भाग) १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजून तारीख काढतात तेव्हा साडेपाच तास मिळवायचे राहतात. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये निकाल कनेक्शनच्या टाइमझोनवर अवलंबून असतो. डेटा आत घेतानाच भारतीय वेळेचा वेगळा रकाना तयार करा आणि पुढे सगळीकडे तोच वापरा.

त्याचबरोबर, कोर्स कम्प्लीशनचा हिशोब मूडलच्या क्रॉनमधून (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामातून) होतो, त्यामुळे नोंद थोडी उशिरा उमटू शकते. वर्षअखेरची प्रत मध्यरात्री ठोक्याला घेऊ नका, १ एप्रिलला दुपारी घ्या आणि तारखेने गाळा.

एप्रिलमध्येच आणखी एक धोका असतो. दरवर्षीचा सक्तीचा कोर्स नव्याने सुरू करण्यासाठी अ‍ॅडमिन कोर्स रीसेट करतो आणि त्यात कम्प्लीशन पुसण्याची खूण केलेली असते. एका क्लिकवर मागचं वर्ष गेलं. जुना डेटा अर्काइव्ह करणारे रीकम्प्लीशनचे (कोर्स पुन्हा पूर्ण करायला लावणारे) प्लगइन आहेत, ते वापरा. पण त्यावर विसंबू नका. दर महिन्याच्या १ तारखेला एचआरची पूर्ण यादी आणि मूडलच्या कम्प्लीशनची पूर्ण प्रत तारीख घालून बाजूला ठेवा, आणि त्या प्रतीत नंतर कुणीही हात घालायचा नाही. पुढच्या वर्षीच्या अहवालात मागच्या वर्षाचा रकाना भरताना हाच पुरावा असेल. जागा फारशी लागत नाही.

मूडलबाहेरचं प्रशिक्षण

टूलबॉक्स टॉक, गेटवरचं इंडक्शन, अग्निशमनाचा सराव, ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला लागून येणाऱ्या सप्ताहातले कार्यक्रम: कारखान्यात प्रशिक्षणाचा मोठा भाग असा उभ्याने होतो आणि सही-अंगठ्याच्या कागदावर राहतो. हा कागद दुय्यम समजू नका. कंत्राटी कामगारांसाठी बहुतेकदा तोच एकमेव स्रोत असतो.

सुरक्षा विभागाला मूडलमध्ये नोंदी टाकायला लावू नका. ते दोन महिने करतील आणि सोडून देतील. त्यांच्या एक्सेलला शिस्त लावा. प्रत्येक सत्राला क्रमांक, तारीख, पाळी, विषयाचा कोड, घेणाऱ्याचं नाव. आणि दुसऱ्या शीटवर सत्र क्रमांक आणि व्यक्तीचा क्रमांक, एका ओळीत एकच माणूस. नाव दिसायला हवं म्हणून ते सूत्राने आपोआप उमटू द्या, टाइप करायला लावू नका. गेटपासवर बारकोड किंवा क्यूआर असेल तर साध्या स्कॅनरने हजेरी थेट याच शीटमध्ये येते. कागदी सहीपत्रक स्कॅन करून सत्र क्रमांकाच्या नावाने ठेवा. तपासणीला येणारा माणूस आधी तेच मागतो.

विषयांचा कोड हा भाग सगळ्यांनी मिळून करायचा. एक कोर्स दोन विषयांत मोडू शकतो: फोर्कलिफ्ट चालवण्याचं प्रशिक्षण सुरक्षाही आहे आणि कौशल्यवाढही. म्हणून कोर्सच्या टेबलमध्ये ‘विषय’ असा एक रकाना न ठेवता कोर्स आणि विषय यांची जोडणी वेगळ्या टेबलमध्ये ठेवा. कोणता कोर्स कुठे मोडतो हे सुरक्षा प्रमुख आणि प्रशिक्षण प्रमुखांनी ठरवायचं, आयटीने नव्हे. दरवर्षी नव्या नावाने निघणाऱ्या कोर्सला, उदाहरणार्थ मूडलमध्ये मागच्या वर्षीचा आणि या वर्षीचा असे दोन वेगळे कोर्स असले तरी, एकच कायम कोड द्या आणि तो कोर्सच्या आयडी नंबरमध्ये भरा.

साधनं

मूडल ४.० पासून, म्हणजे २०२२ पासून, त्यात कस्टम रिपोर्ट बांधण्याची सोय आलेली आहे. त्यात डेटा सोर्स निवडायचा, रकाने ओढायचे, अटी लावायच्या, आणि ठरलेल्या वेळी एक्सेल ईमेलने पाठवायचं. आतल्या पाहणीसाठी ती उत्तम आहे. पण त्यातले सोर्स मूडलचेच असतात; ठेकेदाराचं मस्टर तिथे येणार नाही. तुमचं मूडल बाहेरच्या कंपनीने होस्ट केलेलं असेल आणि डेटाबेस बघायला मिळत नसेल, तर हीच शेड्यूल केलेली फाइल तुमचा अधिकृत स्रोत माना. वेब सर्व्हिसमधून (प्रोग्रामने मूडलला थेट विचारायची सोय) एकेका माणसाची एकेका कोर्सची स्थिती विचारत बसणं फार हळू चालतं.

डेटाबेस हाताशी असेल तर चालू मूडलवर थेट जड क्वेरी चालवू नका. रेप्लिका (मूळ डेटाबेससोबत जुळत राहणारी दुसरी प्रत) घ्या किंवा रात्री प्रत काढा. तुमच्या आकाराच्या प्लांटला डेटा वेअरहाउसचा मोठा प्रकल्प लागत नाही. एक छोटा पोस्टग्रेस डेटाबेस आणि रात्रीचा एक जॉब पुरतो. त्यात तीन थर ठेवा. पहिल्यात आलेली फाइल जशीच्या तशी, कुणी कधी दिली त्या नोंदीसह. दुसऱ्यात साफ केलेला आणि व्यक्ती क्रमांकाला जोडलेला डेटा. तिसऱ्यात अहवालाची टेबलं: लोकांचं, कोर्सचं, विषयांचं, आणि मधोमध ‘एक माणूस, एक सत्र’ असं प्रशिक्षणाचं. लोकांच्या टेबलमध्ये प्रत्येक ओळीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ तारीख असू द्या. पेंट शॉपमधला माणूस नोव्हेंबरमध्ये असेंब्लीत गेला तरी त्याचं जूनचं प्रशिक्षण पेंट शॉपच्या खात्यात दिसायला हवं, नाहीतर तिथला मॅनेजर तुमच्या डॅशबोर्डवर पहिल्याच बैठकीत अविश्वास दाखवेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

दर रात्री काही ताळे आपोआप व्हायला हवेत. मूडलमध्ये आहे पण एचआर किंवा मस्टरमध्ये नाही, असे किती. मस्टरवर आहे पण मूडलमध्ये नाही, असे किती. रुजू होण्याच्या आधीच्या तारखेचं प्रशिक्षण. एकाच यूएएनचे दोन चालू गेटपास. कोणत्या ठेकेदाराची फाइल या महिन्यात आलीच नाही. शेवटचा ताळा सर्वांत कामाचा आहे, कारण फाइल न आल्यामुळे पडलेला आकडा आणि प्रशिक्षण न झाल्यामुळे पडलेला आकडा डॅशबोर्डवर सारखेच दिसतात. ही न जुळणाऱ्यांची यादी लपवू नका. ती रोज संबंधित विभागाकडे गेली की महिन्याभरात निम्मी तरी आपोआप कमी होते, कारण दुरुस्ती त्यांच्याच नोंदीत करायची असते. तुमच्या मधल्या टेबलमध्ये हाताने दुरुस्ती करायची सवय कुणालाही लावू नका.

पॉवर बीआय जोडा ते फक्त तिसऱ्या थराला, आणि सगळ्यांत शेवटी. सुरुवात एकाच विषयापासून करा: आरोग्य आणि सुरक्षा, फक्त तिसऱ्या तत्त्वाचा तक्ता, मागच्या पूर्ण आर्थिक वर्षासाठी. मागच्या वर्षी छापलेला आकडा आणि तुम्ही काढलेला आकडा यांतल्या फरकाचं माणसागणिक कारण देता आलं की मग मानवी हक्क आणि पहिल्या तत्त्वाचे तक्ते घ्या. डॅशबोर्डवर लाइनच्या सुपरवायझरला त्याच्या लाइनचीच नावं दिसतील असं बघा, आणि चाचणीचे गुण तर तिसऱ्या थरात आणूच नका. बीआरएसआरला ते लागत नाहीत, आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा पाहता गरज नसलेली माहिती पसरवून ठेवण्याचं काही कारण नाही. यूएएनही जुळणी-टेबलपुरताच राहू द्या. अहवालात अंतर्गत क्रमांक पुरतो.